फ्लॅट ऐंशी लाखांचा, पैसे किती लागतील?

घर घ्यायचं ठरलं की घरात चर्चा होते ती दोनच आकड्यांची, फ्लॅटची किंमत आणि महिन्याचा हप्ता. अडचण येते ती या दोन्हींच्या मधल्या पैशांत. मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी, दलाली, वकील, सोसायटी, कर्जाचे किरकोळ वाटणारे खर्च या सगळ्यांची बेरीज किमतीच्या नऊ ते तेरा टक्क्यांपर्यंत सहज जाते. त्यातली बहुतेक रक्कम कर्जातून मिळत नाही, ती रोख बचतीतूनच उभी करावी लागते.

हिशेब समजायला सोपा जावा म्हणून पुणे महापालिका हद्दीतला ८० लाखांचा फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवू. नियम महाराष्ट्रातले आहेत. शहर बदललं की काही टक्के बदलतात, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

बँक कशाला पैसे देते, कशाला नाही

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. मात्र किंमत मोजताना बँकेला मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि कागदपत्रांचा खर्च त्यात धरता येत नाही. सवलत आहे ती १० लाखांच्या आतल्या घरांना, आणि त्या भावात आज शहरात घर मिळणं मुश्कील. जीएसटी धरायचा की नाही, हे बँकेबँकेवर अवलंबून असतं. आधीच विचारून घ्या.

म्हणजे ८० लाखांच्या फ्लॅटला जास्तीत जास्त ६४ लाख कर्ज. उरलेले १६ लाख तुमचे. यापुढचे खर्च या १६ लाखांच्या वरचे आहेत.

मुद्रांक शुल्क: सगळ्यात मोठा आकडा

पुणे, ठाणे, नागपूर या शहरांत खरेदीवर एकूण ७ टक्के लागतात: ५ टक्के मूळ शुल्क, १ टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार आणि १ टक्का मेट्रोचा. मुंबईत एकूण ६ टक्के. आपल्या फ्लॅटवर म्हणजे ५ लाख ६० हजार.

खरेदी फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर असेल तर निवासी घराला १ टक्का सवलत मिळते. इथे थेट ८० हजार वाचतात. नवरा-बायको दोघांची नावं टाकली की ही सवलत जाते. पूर्वी अशा घराची पुरुषाला विक्री करायला १५ वर्षांची बंदी होती, ती अट २०२३ मध्ये काढली गेली. मात्र केवळ सवलतीसाठी नाव ठरवू नका. कर्ज कोण फेडणार, आयकरात वजावट कोण घेणार आणि पुढे वारसाहक्काचं काय, हेही त्याच वेळी ठरवा.

शुल्क करारातल्या किमतीवर लागतं की रेडी रेकनरवर, असा प्रश्न नेहमी येतो. दोन्हींपैकी जो आकडा मोठा असेल त्यावर. रेडी रेकनर म्हणजे सरकारने त्या त्या विभागासाठी ठरवलेला वार्षिक बाजारमूल्य दर. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव, पेठ किंवा सर्व्हे नंबर निवडून तो पाहता येतो. सौदा पक्का करण्याआधी तो पाहाच, कारण त्याचा फटका दोनदा बसतो. समजा तुम्ही ८० लाखांत घेतलं आणि सरकारी मूल्य ९५ लाख निघालं. मुद्रांक शुल्क ९५ लाखांवर भरावं लागेल. शिवाय फरक करारातल्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असल्यामुळे मधले पूर्ण १५ लाख आयकरात तुमचं, म्हणजे खरेदीदाराचं, 'इतर उत्पन्न' धरले जाऊ शकतात. स्वस्तात मिळालं म्हणून खूश होण्याआधी ही बेरीज करून बघा.

शुल्क कमी भरलेला दस्त नंतर पकडला गेला तर फरकावर दरमहा २ टक्के दंड चढत जातो. जुन्या इमारतीतला फ्लॅट घेताना आधीच्या मालकाच्या करारावर पुरेसं शुल्क भरलेलं आहे का, हे वकिलाला वेगळं बघायला सांगा.

नोंदणी: ३० हजार आणि चार महिने

नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, पण कमाल ३० हजार. ८० लाखांचा फ्लॅट असो की तीन कोटींचा, त्यापुढे जात नाही. शिवाय पानांच्या संख्येनुसार दस्त हाताळणीची किरकोळ रक्कम असते. शुल्क आणि फी 'ग्रास' या सरकारी प्रणालीवर ऑनलाइन भरून चलन काढता येतं. बँका किंवा एजंट हे काम करून देतात, पण चलनावरचं नाव, पॅन आणि मिळकतीचं वर्णन स्वतः वाचा. चुकीच्या चलनाचा परतावा मिळतो, मात्र त्यासाठी खेटे घालावे लागतात.

दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो दुय्यम निबंधकांपुढे नोंदवायचा असतो. उशीर झाला तर आणखी चार महिने मिळतात, पण दंडासह. नोंदणीनंतर मूळ दस्त आणि 'इंडेक्स टू' हाती घ्या. इंडेक्स टूवर खरेदीदार, विक्रेता, क्षेत्रफळ, किंमत आणि भरलेलं शुल्क एका पानावर असतं; पुढे वीजजोडणीपासून कर्जापर्यंत हाच कागद मागितला जातो.

कुलमुखत्यारपत्रावर किंवा नुसत्या नोटरी केलेल्या करारावर 'घर तुमच्या नावावर झालं' असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अशा कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये 'सूरज लॅम्प' खटल्यात स्पष्ट केलं आहे.

जीएसटी: कधी ५, कधी १, कधी शून्य

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटईक्षेत्र मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत, पुण्यासारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का. जुन्या, म्हणजे रिसेलच्या फ्लॅटवर जीएसटी नाही. आपल्या ८० लाखांच्या नव्या फ्लॅटवर हा खर्च ४ लाखांचा.

बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यानंतर बिल्डरकडून घेतलं तरी जीएसटी नाही. पण अट अशी, की सगळी रक्कम दाखल्यानंतर दिलेली हवी. दाखला येण्याआधी बुकिंगचे दोन लाख जरी दिले असतील तरी तो व्यवहार या सवलतीतून बाहेर जातो. 'दाखला पुढच्या महिन्यात येतोय, आत्ता टोकन देऊन ठेवा' असं सांगितलं गेलं की आधी हा हिशेब मांडा. महिनाभर थांबून चार लाख वाचत असतील तर थांबलेलं बरं. फक्त तोवर तो फ्लॅट दुसऱ्याला जाईल का आणि भाव तोच राहील का, हे लेखी विचारा.

टीडीएस: तुमचा खर्च नाही, पण जबाबदारी तुमची

करारातली किंमत किंवा सरकारी मूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर प्रत्येक रक्कम देताना १ टक्का कापून आयकर खात्यात भरायचा असतो. हे पैसे विक्रेत्याच्या किमतीतूनच जातात. ८० लाखांत त्याला ७९ लाख २० हजार आणि सरकारला ८० हजार. नवरा-बायकोने मिळून घेतलं आणि प्रत्येकाचा वाटा ४० लाख, तरी सुटका नाही. मर्यादा पूर्ण व्यवहाराला लागते.

ज्या महिन्यात रक्कम दिली तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत हा कर ऑनलाइन भरायचा असतो. वर्षानुवर्षं लोक याला 'छब्बीस क्यूबी' म्हणत आले. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे जुन्या माहितीपत्रकातला क्रमांक शोधत बसू नका. पोर्टलवर 'स्थावर मिळकत खरेदीवरील टीडीएस' हा पर्याय बघा. भरायला उशीर झाला तर व्याज आणि दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क तुमच्याच माथी. भरल्यानंतरचं प्रमाणपत्र विक्रेत्याला द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

विक्रेता अनिवासी असेल तर सगळंच बदलतं. पुण्यात, ठाण्यात असे फ्लॅट पुष्कळ आहेत: मुलगा अमेरिकेत किंवा दुबईत, फ्लॅट त्याच्या नावावर आणि व्यवहार बघतात इथले आई-वडील. अशा वेळी १ टक्का कापून भागत नाही. कापायचा कर दीर्घकालीन नफ्याच्या १२.५ टक्के दराने, वर अधिभार आणि उपकर असा असतो, आणि ५० लाखांची मर्यादाही लागू नसते. विक्रेत्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं नसेल तर व्यवहारात ही कपात पूर्ण किमतीवर करावी लागते. कमी कापला तर खातं मागे लागतं ते तुमच्या. म्हणून 'मालक कुठे राहतात?' हा प्रश्न टोकन देण्याआधी विचारायचा.

कागद तपासायला किती खर्च करावा

वकिलाची फी हा या यादीतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात कामाचा खर्च. फी शहर आणि कामानुसार ठरते. खाली अंदाज म्हणून २० हजार धरले आहेत. त्या बदल्यात ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट लेखी मागा. बँकेचा वकील बँकेसाठी काम करतो. त्याने होकार दिला म्हणजे तुमचं काम झालं असं समजू नका.

रिसेलमध्ये बघायचे कागद: आधीच्या सगळ्या करारांची मूळ साखळी, इंडेक्स टू, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची आणि देखभालीची शेवटची पावती. विक्रेत्यावर कर्ज असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र. इमारतीच्या जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका बघा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, तेवढ्यासाठी कुणाला हजार रुपये देऊ नका. त्यावर 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलेलं असेल तर थांबा. अशी जमीन सरकारकडून अटींवर मिळालेली असते आणि हस्तांतराला परवानगी, कधी अधिमूल्यही लागतं.

नव्या इमारतीत सुरुवात महारेराच्या संकेतस्थळावरून करा. १ मे २०१७ पासून हे प्राधिकरण काम करतं आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशे, ताब्याची कबूल केलेली तारीख, जमिनीवरचा बोजा आणि चालू खटले दिसतात. तीन गोष्टी लक्षात ठेवा. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. इथे ८ लाख. किंमत चटईक्षेत्रावर ठरते, 'सुपर बिल्टअप'वर नाही. आणि ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. गळणाऱ्या स्लॅबचे फोटो आणि लेखी तक्रार म्हणूनच जपून ठेवा.

सोसायटीत नाव लावताना

रिसेलमध्ये इथेच जास्त घासाघीस होते. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार. ग्रामपंचायत हद्दीत ५ हजार. त्याशिवाय ५०० रुपये हस्तांतरण फी आणि १०० रुपये प्रवेश फी. 'बिल्डिंग फंडाला देणगी', 'रंगकामाचा वाटा' अशा नावांनी याहून जास्त मागता येत नाही. मागितलं तर लेखी मागणीपत्र मागा. बहुतेक वेळा मागणी तिथेच थांबते. न थांबल्यास उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. आधीच्या मालकाची थकबाकी मात्र खरी देणी असतात. ती त्यानेच भरावी, असं करारात लिहून घ्या आणि 'थकबाकी नाही' असं पत्र हाती आल्यावरच शेवटचा धनादेश द्या.

'थोडी रक्कम रोख द्या' म्हटलं तर

हा प्रस्ताव अजूनही येतो आणि वाचणाऱ्या शुल्काच्या आमिषाने पटतोही. पण मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. खरेदीदाराचा तोटा वेगळा. करारात किंमत कमी दिसली की कर्ज कमी बसतं. व्यवहार फिसकटला तर रोख पैशाला पुरावा नसतो. आणि दहा वर्षांनी घर विकाल तेव्हा कागदावरची खरेदी किंमत कमी असल्याने नफा जास्त दिसतो, म्हणजे आज विक्रेत्याने वाचवलेला कर तेव्हा तुम्ही भरता.

दोन्ही हिशेब समोरासमोर

बिल्डरकडून, बांधकाम चालू असताना:

किंमत ८०,००,०००
जीएसटी ४,००,०००
मुद्रांक शुल्क ५,६०,०००
नोंदणी ३०,०००
कर्जाचे खर्च, अंदाजे ४५,०००
वकील, अंदाजे २०,०००
एकूण ९०,५५,०००

रिसेलमध्ये:

किंमत ८०,००,०००
मुद्रांक शुल्क ५,६०,०००
नोंदणी ३०,०००
दलाली १ टक्का, जीएसटीसह ९४,४००
कर्जाचे खर्च, अंदाजे ४५,०००
वकील, अंदाजे २०,०००
सोसायटी २५,६००
एकूण ८७,७५,०००

६४ लाख कर्ज वजा केलं तर पहिल्या व्यवहाराला स्वतःचे साडेसव्वीस लाख, दुसऱ्याला पावणेचोवीस लाख लागतात. कर्जाच्या खर्चात बँकेची प्रक्रिया फी, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि गहाणाच्या दस्तावर कर्जाच्या साधारण ०.३ टक्के मुद्रांक शुल्क धरलं आहे. प्रक्रिया फीमध्ये घासाघीस होते, सणासुदीला ती माफही होते. कर्ज घेतल्यावर ३० दिवसांत 'नोटीस ऑफ इंटिमेशन' नोंदवायची असते, तीही विसरू नका. बिल्डर ताबा देताना वर्ष-दोन वर्षांची देखभाल आगाऊ घेतो आणि सोसायटी स्थापनेचे पैसे लावतो, ते वरच्या यादीत नाहीत. बुकिंगच्या वेळीच त्यांचा आकडा लिहून घ्या. रिसेलमध्ये रंग, प्लंबिंग, वायरिंग यांचं बजेट वेगळं.

मालक झाल्यावरचे खर्च

ताबा घेतल्यावर मिळकतकराला आणि वीजबिलाला स्वतःचं नाव लावून घ्या. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, पण ती आपोआप मिळत नाही. त्यासाठी पीटी-३ अर्ज पुराव्यासह द्यावा लागतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे. देखभाल खर्च महिन्याला साडेसात हजारांच्या वर गेला आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो.

गृहकर्जाच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची आणि मुद्दल, मुद्रांक शुल्क यांच्यावरची दीड लाखांच्या मर्यादेतली वजावट स्वतः राहत्या घराला फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत ती नाही. 'कर्ज घेतलं की कर वाचतो' हे गृहीत धरून हप्ता ठरवू नका. दोन्ही प्रणालींत स्वतःचा कर काढून बघा.

घर भाड्याने दिलं तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं सक्तीचं आहे. शुल्क एकूण भाड्याच्या आणि परत करायच्या अनामतीवर धरलेल्या वार्षिक १० टक्के व्याजाच्या बेरजेवर ०.२५ टक्के. ११ महिने, २० हजार भाडं आणि एक लाख अनामत असेल तर ते साधारण पावणेसहाशे रुपये होतं. शहरात नोंदणी फी १ हजार. सोसायटी बिगर-भोगवटा शुल्क लावू शकते, पण सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. आयकरात भाड्यातून मिळकतकर वजा जाता ३० टक्के सरसकट वजावट मिळते, त्याला पावत्या लागत नाहीत.

विकताना

दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेलं घर विकलं की नफा दीर्घकालीन. त्यावर १२.५ टक्के कर, महागाईचा निर्देशांक न लावता. मात्र २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्के हाही पर्याय खुला आहे. दोन्ही काढून बघा. २०१२-१३ मध्ये ३० लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये ८० लाखांना विकला, तर पहिल्या पद्धतीने ५० लाखांवर सव्वासहा लाख कर येतो. निर्देशांक २०० वरून ३७६ वर गेल्यामुळे दुसऱ्या पद्धतीत खरेदी किंमत ५६ लाख ४० हजार धरली जाते आणि कर ४ लाख ७२ हजार. दीड लाखाचा फरक, उपकर सोडून.

नफ्यातून ठरलेल्या मुदतीत दुसरं घर घेतलं तर करसवलत मिळते: विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत खरेदी, अथवा तीन वर्षांत बांधकाम. विवरणपत्राच्या तारखेपर्यंत घर मिळालं नाही तर पैसे बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. साध्या बचत खात्यात ठेवले तर सवलत जाते.

खरेदीच्या वेळचं मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली हे सगळं विक्रीच्या वेळी खरेदी किमतीत धरता येतं. म्हणून त्या पावत्या मूळ दस्तासोबतच ठेवा.

पैसे कुठल्या क्रमाने सोडायचे

आधी रेडी रेकनर आणि कागदांची प्राथमिक तपासणी, मग छोटं टोकन. त्याची लेखी पावती घ्या आणि सर्च रिपोर्टमध्ये दोष निघाल्यास किंवा कर्ज नाकारलं गेल्यास ते परत मिळेल अशी अट त्यातच घाला. मग सर्च रिपोर्ट आणि कर्जमंजुरी. मग शुल्क भरून करार आणि नोंदणी, मोठी रक्कम त्याच दिवशी. टीडीएस प्रत्येक हप्त्याबरोबर. शेवटची रक्कम किल्ली आणि थकबाकी नसल्याचं पत्र हाती आल्यावर. आणि घर शोधायला निघताना दलालाला बजेट सांगाल ते कर्ज अधिक बचत असं नको. त्यातून आधी १२ टक्के बाजूला काढा, उरेल तोच आकडा सांगा.